राखून ठेवलेला डाव

वाचकांचे प्रश्न, अण्णांची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार घेतो आहे. पहिल्या पत्राला बरीच जागा गेली, कारण तो प्रश्न माझ्याही आयुष्यातला आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी साखर कारखान्यात पॅनवर ३७ हंगाम काढले. १९७९-८० च्या हंगामात काचपट्ट्या धुणारा पोरगा म्हणून लागलो आणि पॅन इनचार्ज म्हणून निवृत्त झालो. मला जे थोडंफार कळतं ते त्या मजल्यावर कळलेलं आहे.

प्रश्न : अण्णा, नमस्कार. मी एकोणीस वर्षं शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. आतापर्यंत तीन मुलींना शिकवलं. त्यातल्या एकीला मी पोटच्या पोरीसारखं मानलं. तिनं चार महिन्यांपूर्वी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी दुकान टाकलं आणि माझी काही जुनी गिऱ्हाइकं तिकडं गेली. आता एक नवी मुलगी शिकायला येते. हात चांगला आहे. कटोरी ब्लाऊजचं कटिंग दाखवा म्हणून मागं लागली आहे. आमचे मालक म्हणतात, वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो. तिला नुसती शिलाई मारू दे, कात्री हातात देऊ नको. माझं मन दोन्हीकडं ओढतंय. काय करू?
— एक भगिनी, वाळवा तालुका

उत्तर : ताई, तुमचे मालक म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या भागात गल्लीगल्लीत तालीम. ही म्हण इथं दुधाबरोबर पाजतात. पण ज्यांनी डाव राखून ठेवला अशा माणसाच्या हाताखाली मी शिकलो, आणि पुढं मीही एक डाव राखून ठेवला. दोन्ही वेळा काय झालं ते सांगतो, मग तुम्ही ठरवा.

साखरेचा दाणा पॅनमध्ये धरतो. पॅन म्हणजे दोन मजली घराएवढं बंद भांडं. आत हवा ओढून घेतलेली असते, त्यामुळं उसाचा आटवलेला रस, ज्याला आम्ही सायरप म्हणतो, तो पासष्ट-सत्तर अंशालाच उकळतो. तसं केलं नाही तर साखर करपून लाल होईल. पॅनला एक छोटी काच असते, तिच्यातून आत फारसं काही दिसत नाही. म्हणून पॅनमन प्रूफ स्टिक घालून थोडा नमुना बाहेर काढतो, काचपट्टीवर पसरतो आणि दिव्यासमोर धरतो. दाणा कसा आहे, एकसारखा आहे का, दाट झालाय का, हे त्या काचेवर दिसतं. दुसरी पारख बोटांची. अंगठा आणि तर्जनीमध्ये गरम पाक धरून बोटं हळूच लांब करायची. तार किती लांब जाते आणि कुठं तुटते, त्यावरून सायरप द्यायचं की थांबायचं ते ठरतं. माझ्या वेळी मीटर फार नव्हते. ही दोन बोटं आणि ती काचपट्टी, यावर सत्तर टनांचा पॅन शिजायचा.

आमचे वस्ताद साठीला आलेले, उत्तरेकडून आलेले पॅनमन. हातात जादू होती. आणि काचपट्टी बघताना ते पाठ फिरवायचे. बघून झालं, की अंगठ्यानं पट्टी पुसायची आणि मग ती माझ्याकडं धुवायला द्यायची. मी दोन हंगाम पुसलेल्या काचा धुतल्या. कधी घाईत त्यांचा अंगठा नीट फिरायचा नाही, काचेच्या कडेला थोडा दाणा राहायचा. तेवढाच मी चोरून बघायचो, नळाखाली धरायच्या आधी, क्षणभर.

दुसऱ्या हंगामात जानेवारीत एका रात्रपाळीला वस्तादांना हुडहुडी भरून ताप आला. त्यांना चाळीत पाठवलं आणि पॅन माझ्यावर आला. तास-दीड तास बरा गेला. मग कंडेन्सरच्या पाण्यात काहीतरी गडबड झाली, व्हॅक्यूम, म्हणजे पॅनमधली हवेची ओढ, खालीवर झालं, आणि मी काच बघितली तर मोठ्या दाण्यांच्या मधे धुळीसारखा बारीक दाणा. त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात, हे मला माहीत होतं. त्यावर काय करायचं ते माहीत नव्हतं, कारण तसं झालं की वस्ताद मला चहा आणायला पाठवायचे. मला वाटलं जास्त सायरप दिलं की सगळं सावरेल. बारीक दाणा आणखी वाढला. पॅन खाली सोडला, तो माल मशीनवर, म्हणजे गरगर फिरवून साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, गेला आणि जाळ्या बुजल्या. मळी सुटेना. साखर म्हणून जे राहिलं तो चिकट गोळा होता. मशीनवरची माणसं फावड्यानं तो खरवडत होती आणि वर बघून मला शिव्या घालत होती.

पहाटे वस्ताद घोंगडी पांघरून आले. काच बघितली. मला एक शब्द बोलले नाहीत. माझा हात धरून व्हॉल्व्हपाशी नेलं आणि दाखवलं: व्हॅक्यूम थोडं उतरवायचं म्हणजे उष्णता वाढते, गरम पाणी द्यायचं, बारीक दाणा विरघळू द्यायचा, काच बघत राहायची आणि तो गेला रे गेला की परत व्हॅक्यूम चढवायचं. दहा मिनिटांचं काम. दोन हंगाम ते त्यांच्या मुठीत होतं.

त्यांनी असं का केलं, हे मला नंतर कळलं. आधीच्या एका ठिकाणी त्यांनी मालकाच्या सांगण्यावरून दोन पोरं तयार केली होती. पोरं तयार झाली आणि पुढच्या हंगामात त्यांना बोलावणंच आलं नाही. घर दीड हजार किलोमीटरवर, हंगामी नोकरी. पाठ फिरवणं ही त्यांची विमा पॉलिसी होती. म्हणून ताई, तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ती खरी आहे, आणि ज्याच्या पोटावर एकदा पाय आलाय त्यालाच ती कळते.

आता माझं. मी इनचार्ज झालो तेव्हा मनाशी ठरवलं होतं, की काच कोणापासून लपवायची नाही. लपवलीही नाही. पण एक गोष्ट माझ्याकडंच राहिली. जळीत ऊस किंवा तोडून चार-पाच दिवस पडलेला ऊस आला, की रस चिकट होतो, पॅन सुस्त चालतो, दाणा लांबुळका पडतो. अशा दिवसांत मी पॅन नेहमीपेक्षा सैल, म्हणजे कमी दाट, ठेवायचो, घाई करायचो नाही, आणि गव्हाणीवर, जिथं गाड्यांतून ऊस उतरतो तिथं, काय ऊस पडतोय ते पाळी सुरू होण्याआधी स्वतः जाऊन बघून यायचो. हे मी कोणाला सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही; कोणी विचारलं नाही आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. खोलात गेलं तर खरं हे आहे, की जळिताच्या दिवसांत चीफ केमिस्ट माझं नाव घ्यायचे, ते मला आवडायचं.

एका हंगामात शिवारात मोठी आग लागली. आठवडाभर जळीत ऊस येत होता. माझ्या हाताखालच्या मुलाच्या पाळीत तीन पॅन बिघडले. सकाळच्या बैठकीत त्याला उभं केलं. मी तिथंच होतो. मला कळत होतं चूक कुठं झाली, आणि ती कोणाची आहे तेही. मी तोंड उघडलं नाही. त्या वर्षी कायम करायच्या यादीतून त्याचं नाव गेलं. पुढच्या हंगामाला तो आला नाही. मी एकदा त्याच्या गावी गेलो, जे खरं ते त्याला सांगितलं. त्यानं चहा दिला. 'झालं ते झालं अण्णा' म्हणाला. पण त्याची नोकरी मी परत देऊ शकलो नाही.

तिथून आल्यावर दोनशे पानी वही आणली आणि पॅनच्या बोर्डाशेजारी सुतळीनं बांधली. पॅनवर जे जे घडेल ते तिच्यात लिहायचं. ऊस कसा होता, काच कशी दिसली, काय केलं, काय चुकलं. पहिलं पान मी लिहिलं, जळिताचं. मग हळूहळू सगळे लिहायला लागले. मी निवृत्त झालो तेव्हा अशा नऊ वह्या झाल्या होत्या.

तुम्हाला माझं सांगणं असं. त्या मुलीला कटिंग दाखवा, आणि पुरतं दाखवा. मुंढ्याची गोलाई तुम्ही कशी घेता, अस्तराला किती माया ठेवता, सगळं. पण व्यवहार तोंडावर बोला, जे तुम्ही पहिल्या मुलीशी बोलला नसाल असं मला वाटतं. किती वर्षं इथं काम करायचं, कटिंग करायला लागल्यापासून नगामागं किती द्यायचे, आणि पुढं दुकान टाकलंच तर कुठं टाकायचं नाही. हे आधी बोललं तर मनात अढी राहत नाही. माया केली म्हणून व्यवहार बोलायचा नाही, यात दोघींचंही नुकसान होतं.

आणि जी गेली तिच्याबद्दल. लग्नसराईत तुमच्याकडं कपड्यांचा ढीग पडत असेल, तारखा पाळता येत नसतील. या वर्षी वीस ब्लाऊज तिच्याकडं पाठवून बघा. शिकवलेला हात आहे, शिलाई तुमच्यासारखीच येईल.

प्रश्न : आदरणीय सर, मी २६ वर्षांचा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि नंतर डिग्री केली. सहा महिन्यांपासून कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. ऑपरेटर माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे. 'होय साहेब' म्हणतात आणि आपल्याला हवं तेच करतात. न सांगता ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरलेलं हत्याराचं माप, बदलतात, रिजेक्शन आलं की बोट माझ्याकडं. एकदा चिडून मेमो दिला, तेव्हापासून तर कोणी डबा खाताना शेजारी बसत नाही. धाक कसा बसवावा?
— एक वाचक

उत्तर : बाळ, धाकाचं मला विचारू नकोस, मला तो जमला नाही आणि ज्यांना जमला त्यांच्या पाळीत रात्री दोननंतर काय चालायचं तेही मी बघितलंय.

मी तुला एका पोराचं सांगतो. आमच्याकडं २३ वर्षांचा शिफ्ट केमिस्ट आला. कागदावर आम्ही सगळे त्याच्या हाताखाली. पहिले पंधरा दिवस त्यानं काहीच बदललं नाही. मिलपासून गोदामापर्यंत रोज फिरायचा. एकेका माणसापाशी उभा राहून, तू हे असं का करतोस, असं विचारायचा आणि उत्तर वहीत लिहायचा. परीक्षा घेतल्यासारखं विचारत नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. आमच्या लोकांना हे लगेच कळतं, कोण शिकायला विचारतोय आणि कोण पकडायला.

मग एक दिवस तो मशीनवरच्या सगळ्यात जुन्या माणसापाशी गेला. साखर पांढरी निघावी म्हणून मशीन फिरताना पाण्याचा फवारा मारतात. तो जास्त वेळ मारला, की साखर विरघळून मळीबरोबर जाते. हा पोरगा म्हणाला, 'मामा, हा वेळ थोडा कमी केला तर काय होईल?' मामा म्हणाले, रंग उतरेल. 'एकाच मशीनवर, एकच पाळी करून बघूया? तुम्हीच ठरवा कितीनं कमी करायचा.' मामांनी ठरवलं. रंग टिकला. बाकीच्या मशीनवर हे त्या पोराला सांगायला जावं लागलं नाही, मामाच सांगत सुटले.

पण त्याला खरं मानलं ते पुढं महिन्याभरानं. एका पाळीत फवारा फारच कमी झाला, रंग बिघडला, पोती वेगळी काढावी लागली. सकाळी बैठकीत वरच्या साहेबांनी विचारलं, मशीनवर कोण होतं? तो म्हणाला, 'माझ्या सांगण्यावरून केलंय, मी बघायला कमी पडलो.' खाली मशीनवर ही बातमी चहाच्या आधी पोहोचली. त्या दिवसापासून त्या मुलाचा शब्द कोणी खाली पडू दिला नाही.

तुझे ऑपरेटर ऑफसेट का बदलतात, हे तू त्यांना विचारलंयस का? पत्रात तसं दिसत नाही. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजतं, जॉबचं मटेरियल बदलतं, मशीन गरम झाल्यावर माप सरकतं. वीस वर्षांच्या हाताला ते आधी कळत असेल. मशीनपाशी पाटी ठेव, बदललं की किती आणि का ते त्यांनीच लिहायचं. पहिल्या आठवड्यात त्या पाटीवरून कोणालाही बोलायचं नाही, अगदी चूक दिसली तरी नाही. नाहीतर दुसऱ्या आठवड्यात पाटी कोरी राहील.

मेमोचं म्हणशील, तर ज्याला दिलास त्याच्यापाशी जा आणि चिडून दिला असं सरळ सांग. माफी मागितल्यानं खुर्ची लहान होत नाही. डबा घेऊन जा. तो सरकून जागा देईल की नाही मला माहीत नाही, पण उभा राहा.

प्रश्न : अण्णा, मी आमच्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष आहे. शिक्षण सातवी. दीड वर्षापूर्वी बी.कॉम. झालेला सचिव ठेवला. हिशेब चोख आहे, दहा दिवसांचं बिल एकदाही चुकलं नाही. पण सभेत सगळं तोच बोलतो, संघाचे अधिकारी आले की त्याच्याशीच बोलतात. बायका म्हणतात, अध्यक्ष तू की तो? मलाही कमीपणा वाटतो.
— एक अध्यक्षा, करवीर तालुका

उत्तर : वहिनी, कमीपणा वाटून घेऊ नका. तुम्ही जे केलंत ते फार मोठ्या माणसांनी केलेलं आहे.

प्रवरेच्या काठी लोणीला आपल्याकडचा पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५० साली तिथं गाळप सुरू झालं. गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग भांडवल गोळा केलं विठ्ठलराव विखे पाटलांनी. ते शेतकरी, शिक्षण थोडं. कारखाना त्यांच्या कष्टाचा. आणि पहिले अध्यक्ष कोण झाले? पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. गाडगीळ हुशार होतेच, पण ज्या माणसानं ती खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी ठेवली त्याचं मला जास्त वाटतं. साखर कारखान्यात उभं आयुष्य गेल्यामुळं असेल, हे सांगताना अजूनही माझा ऊर भरून येतो.

तुमच्याकडं तर अध्यक्षपण तुमचंच आहे. दोन गोष्टी करा. फॅट आणि एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग, कसं काढतात ते त्या मुलाकडून शिका, स्वतःच्या हातानं दहा वेळा काढा. म्हणजे एखाद्या बाईनं फॅट कमी लागली म्हणून तक्रार केली, की तिला घेऊन तुम्हीच मशीनपाशी उभ्या राहाल. दुसरं, सभेची पहिली दहा मिनिटं तुम्ही बोला. आकडे त्याला सांगू द्या. कोणाची म्हैस आटली, कोणाला चाऱ्याची अडचण आहे, कोणाचं बिल दवाखान्यासाठी आधी द्यायला हवं, हे त्याच्या कॉम्प्युटरात नाही.

प्रश्न : अण्णा, तुम्ही सगळ्यांना सांगता. तुम्ही स्वतः आता कोणाकडून काही शिकता का? रागावू नका, मी निवृत्त शिक्षक आहे, हा प्रश्न स्वतःलाच विचारत असतो.
— एक गुरुजी, मिरज

उत्तर : गुरुजी, रागावण्यासारखं काहीच नाही.

गेल्या हंगामात माझ्या हाताखाली तयार झालेल्या एकानं बोलावलं. तो आता पॅन इनचार्ज आहे. मोळी टाकून महिना झाला होता, गाळप जोरात चालू होतं. मी जिने चढून वर गेलो, मधे दोनदा थांबलो. वास तोच. पण पॅनपाशी फार माणसं नव्हती. सगळं काचेच्या खोलीत, पडद्यावर. व्हॅक्यूम, उष्णता, पाक किती दाट झालाय, सगळ्याच्या रंगीत रेघा चाललेल्या. सायरपचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, मिटतो. त्यानं मला रेघा वाचायला शिकवल्या. तार कुठं तुटते ते मी बोटानं बघायचो, ते तिथं निळ्या रेघेच्या चढावरून कळतं. तासभर बसलो. दोनदा चुकीचं वाचलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. त्यानं पाठीवर हात ठेवला.

त्या खोलीत एक शिकाऊ मुलगी होती, बी.एस्सी. झालेली, पॅनवर पाच आठवडे झालेली. माझ्या ३७ हंगामांत पॅनच्या मजल्यावर मी मुलगी बघितली नव्हती. इनचार्ज म्हणाला, 'अण्णा आलेत, जुन्या पद्धतीनं काच काढून दाखव.' तिनं प्रूफ स्टिक घातली, नमुना काढला, पट्टीवर पसरला. आणि स्वतः बघायच्या आधी पट्टी माझ्या हातात दिली. पुसलेली नव्हती. भरलेली, गरम, तशीच.

मी ती दिव्यासमोर धरली. मोठा दाणा मला दिसला. त्याच्या मधलं काही दिसेना. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. मी पट्टी तिच्याकडं दिली आणि म्हटलं, 'तू सांग.' तिनं मान तिरकी करून बघितलं, पट्टी थोडी फिरवली, परत बघितलं.

'कडेला बारीक दाणा दिसतोय, अण्णा. आत्ताच सुरू झालाय. पाणी द्यायला पाहिजे.'

पडद्यावरची रेघ अजून सरळ होती. इनचार्जनं काच घेतली, बघितली आणि पाणी दिलं. दहा-बारा मिनिटांनी तिनं दुसरी पट्टी काढली, ती स्वच्छ होती. मग बोर्डाशेजारच्या वहीत तिनं वेळ घालून नोंद केली. वही नवी आहे, विसाव्या नंबरची, पण सुतळीनं बांधलेली.